दुसरा सूर ऐकायला जाताना: हार्वर्ड स्क्वेअरच्या तळघरातली तुमची पहिली मैफल

बॉस्टनकडे नव्याने राहायला आलेल्या कुणी मला विचारलं, की इथे संध्याकाळी जाण्यासारखं काय आहे, तर माझं उत्तर ठरलेलं असतं. केंब्रिजला हार्वर्ड स्क्वेअरमध्ये क्लब पासिम नावाचं एक तळघर आहे, अमेरिकन लोकसंगीताच्या मैफलींचं, तिथे जा. आणि जमलं तर ज्या दिवशी दोघंच गाणार असतील असा दिवस निवडा. पूर्ण बँड नको, एकटा गायकही नको. दोन माणसं, एक गिटार, फार तर जोडीला मँडोलिन किंवा बँजो.

दोघंच का, ते आधी सांगते. आपल्या कानांना सुराची जाण असते, पण सवय एका वेळी एकाच सुराची असते. भजनाला पन्नास माणसं बसली तरी सगळी एकच चाल गातात. पोवाड्यात झीलकरी झील धरतात, तेही शाहिराचाच सूर उचलून पुढे नेतात. इथल्या जोडीत मात्र दुसरा माणूस त्याच क्षणी, त्याच शब्दावर, वेगळा सूर लावतो. चार-पाच वाद्यं असली की तो सूर गर्दीत हरवतो. दोघंच असले की तो स्वच्छ, उघडा ऐकू येतो. या संगीताची किल्ली तिथे आहे असं माझं पक्कं मत आहे, आणि पुढे जे काही लिहिलंय ते तो दुसरा सूर तुमच्या कानाला लागावा म्हणून.

आधी जागेची ओळख

ही जागा १९५८ साली ‘क्लब ४७’ या नावाने सुरू झाली. माउंट ऑबर्न स्ट्रीटवर ४७ नंबरला होती म्हणून ४७. सुरुवातीला तिथे जॅझ वाजायचं. त्याच वर्षी जोन बाएझ नावाची सतरा वर्षांची मुलगी तिथे गिटार घेऊन गायला उभी राहिली. ऐकायला आईवडील, बहीण आणि मित्रमंडळी धरून जेमतेम आठ माणसं होती आणि मानधन होतं दहा डॉलर. पुढच्याच उन्हाळ्यात, १९५९ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात ती हजारो लोकांसमोर आली, तीही बॉब गिब्सन या गायकासोबत जोडीने गाऊन. मला ही गोष्ट फार आवडते: जिचा एकटीचा आवाज पुढे जगभर गेला, तिला मोठ्या गर्दीने पहिल्यांदा ऐकलं ते दुसऱ्या आवाजाच्या संगतीत.

१९६३ मध्ये क्लब पामर स्ट्रीटवर आला. तिथेही घरनंबर ४७ च. १९६८ मध्ये तो बंद पडला, १९६९ मध्ये त्याच जागेत ‘पासिम’ उघडलं, ते पुढे बॉब आणि रे ॲन डॉनलिन या दांपत्याने चालवलं, आणि १९९० च्या दशकात त्याची ना-नफा संस्था झाली. जागा लहान आहे. शंभर-सव्वाशे माणसं बसली की भरली. शेवटच्या खुर्चीवरूनही गाणाऱ्याचा चेहरा दिसतो. आपल्याकडच्या घरगुती बैठकीची ज्यांना आठवण येते, त्यांना इथे परकं वाटणार नाही.

आणखी एक योगायोग. या तळघरापासून चालत पाच मिनिटांवर, हार्वर्ड विद्यापीठात, फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे प्राध्यापक होते. त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ कथागीतं त्यांच्या सगळ्या पाठभेदांसह जमवली आणि ती १८८२ ते १८९८ या काळात छापून आली. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. आजही गायक मंचावरून ‘हे चाइल्डच्या संग्रहातलं’ असं सांगून गाणं सुरू करतात. ते ऐकू आलं की समजा, आता गोष्ट येणार आहे: प्रेमात दगा, नदीत बुडालेली बहीण, परत आलेलं भूत. चाल गोड आणि मजकूर काळीज चिरणारा, असं इथे नेहमीच असतं. दचकू नका.

घरी करायची तयारी

तयारी एका संध्याकाळची आहे, पण ती केलीत तर मैफल दुपटीने मिळेल.

घरी पेटी असेल तर काढा, नसेल तर फोनवर पियानोचं ॲप चालेल. ‘सा’ दाबून ठेवा आणि गा. आता ‘सा’ आणि ‘ग’ एकदम दाबा. तोंडाने ‘सा’च गात राहा आणि कानाने ‘ग’ ऐका. मग उलट करा. दोन-चार मिनिटांत लक्षात येईल, की दोन्ही सूर एकमेकांना ढकलत नाहीत, उलट दोघांच्या मध्ये काहीतरी तिसरंच भरून येतं. आता एकाने ‘सा रे ग’ म्हणायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने ‘ग म प’. इथल्या जोडगायनाचा कच्चा आराखडा हाच. प्रत्यक्षात दुसरा सूर असा पावलाला पाऊल लावून चालत नाही. कधी एकाच सुरावर थांबून राहतो आणि चाल त्याच्या जवळून निघून जाते, कधी एखाद्या शब्दावर दोघं एकत्र येऊन पुन्हा फाकतात. पण कानाला एकदा ‘सा-ग’ कळला, की बाकीचं तो आपणहून शोधतो.

मग थोडं ऐका. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडे भावाभावांच्या जोड्या रेडिओवर गायच्या, मँडोलिन आणि गिटार घेऊन. ब्लू स्काय बॉइज हे बोलिक बंधू त्यांतले. पुढे लूव्हिन बंधू आले, मग एव्हर्ली बंधू. एव्हर्लींमध्ये डॉन मूळ चाल गायचा आणि फिल त्याच्या वरचा सूर. हे मुद्दाम सांगते, कारण ‘दुसरा’ म्हणजे खालचा असं आपण गृहीत धरतो आणि बऱ्याचदा तो वरचा असतो. सायमन आणि गारफंकल शाळकरी वयात याच एव्हर्लींना ऐकत वाढले. आजच्या जोड्यांमध्ये गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांना ऐका. दोघांची भेट बॉस्टनच्याच बर्कली संगीत महाविद्यालयात झाली. रॉलिंग्जच्या हातातली गिटार १९३५ सालची आहे, छोटी, पोटाला बाक असलेली. तिचा कोरडा, टोकदार आवाज त्या दोन गळ्यांच्या मधून तिसऱ्या माणसासारखा बोलतो.

ज्यांना ऐकायला जाणार आहात त्यांची दोन-तीन गाणी शब्दांसकट वाचून जा. जुनी इंग्रजी आणि डोंगराळ भागातले उच्चार यांमुळे निम्मे शब्द निसटतात, आणि कथागीतात शब्द निसटला तर गोष्टच हातची जाते.

तिकीट आणि वेळ

तिकीट क्लबच्या संकेतस्थळावरून आधीच काढा. जागा थोडी असल्याने नावाजलेल्या जोडीची तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. मी आजवर बहुतेक वेळा वीस ते पस्तीस डॉलर दिले आहेत. नवख्या कलाकारांना त्याहून कमी. तिकिटावर दोन वेळा असतात, एक दार उघडण्याची आणि एक कार्यक्रमाची. तुम्ही पहिली धरा. आपल्याकडे सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू होईल म्हणून आपण निवांत निघतो. इथे सात म्हणजे सात.

बऱ्याचदा मुख्य जोडीच्या आधी अर्धा तास दुसरं कुणीतरी गातं. नाव ओळखीचं नसलं तरी ते चुकवू नका. आठ माणसांसमोर गाणारी ती मुलगीही एके काळी अशीच अनोळखी होती.

गाडी नेऊ नका. हार्वर्ड स्क्वेअरला गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते. मेट्रोच्या रेड लाइनने हार्वर्ड स्थानकावर उतरा, वर आलात की समोर कूप नावाचं पुस्तकांचं मोठं दुकान दिसेल. त्याच्या कडेने आत जाणारी छोटी गल्ली म्हणजे पामर स्ट्रीट. हिवाळ्यात जात असाल तर जाड कोटाच्या आत हलके कपडे घाला. बाहेर उणे दहा आणि आत शंभर माणसांची ऊब, अशी तिथे स्थिती असते.

बसायचं कुठे

दारावर बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात. पहिल्यांदा आलो आहोत असं त्यांना सांगा. ते प्रेमाने जागा दाखवतात आणि माहितीही देतात. खुर्ची निवडण्याची मुभा असेल तर मंचाच्या अगदी समोर न बसता थोडं बाजूला, पण जवळ बसा. बाजूने गिटारवरची दोन्ही हातांची बोटं दिसतात आणि मुख्य म्हणजे दोघांचे चेहरे एकमेकांकडे वळलेले दिसतात. त्याचा उपयोग पुढे सांगते.

खायला-प्यायला टेबलावर आणून देतात. जे काही हवं ते कार्यक्रम सुरू होण्याआधी मागवून, शक्य तर संपवून मोकळे व्हा. वाढणाऱ्यांना बिलाच्या अठरा ते वीस टक्के टिप द्यायची, ही इथली रीत आहे. त्यात कसूर करू नका.

ही घाई का, ते मी एका दुसऱ्या गावातल्या अशाच क्लबमध्ये शिकले. गायिका वाद्य बाजूला ठेवून नुसत्या गळ्यावर गात होती, आणि मी बाहेर जायला उठले. खुर्चीचा पाय फरशीवर घासला. तेवढ्या आवाजाने तिची नजर क्षणभर माझ्याकडे वळली आणि पुढचा शब्द किंचित उशिरा आला. कुणी काही बोललं नाही. पण त्या खोलीत किती बारीक आवाज किती दूर जातो, ते तेव्हा कळलं. उठायचं असेल तर टाळ्या सुरू असताना उठा, आत यायचं असेल तर गाणं संपेपर्यंत दारात थांबा. फोन नुसता मुका करून पुरत नाही. त्याचा उजेड मागच्या माणसाच्या डोळ्यांत जातो, म्हणून तो खिशातच असू द्या.

दिवे मंद झाल्यावर

पहिली दोन गाणी काहीच शोधू नका. नुसतं ऐका.

तिसऱ्यापासून चेहरे बघा. दोघांपैकी एक जण समोर, श्रोत्यांकडे बघून गात असतो आणि दुसऱ्याची नजर पहिल्याच्या ओठांवर असते. दुसरा सूर बहुतेक वेळा त्याच्याकडे असतो. शब्द कधी सुरू होतो त्यापेक्षा तो कधी मिटतो, हे त्याला बघायचं असतं. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘स’ किंवा ‘ट’ येतो, आणि दोघांचा तो ‘स’ एका क्षणाने जरी मागेपुढे झाला तरी ऐकू येतो. चांगल्या जोडीचा तो एकच वाजतो. श्वासही ते एकत्रच घेतात. जवळ बसलात तर खांदे एकदम उचलताना दिसतील.

आता ध्रुवपद आलं, की पहिल्या वेळी मूळ चाल ऐका, तुम्ही ती गुणगुणू शकाल ती. दुसऱ्या वेळी तिच्यावरून कान मुद्दाम काढून घ्या आणि दुसऱ्या माणसाचा आवाज धरा. सुरुवातीला निसटेल. कान सवयीने चालीकडे धाव घेतो. परत आणा. तिसऱ्या वेळी दोन्ही एकदम ऐकायचा प्रयत्न करा. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलं तेव्हा अंगावर काटा आला होता. एवढी वर्षं गाणी ऐकत होते आणि गाण्याची अर्धी बाजू आज कानावर येत होती.

काही जोड्या दोघांत एकच मायक्रोफोन वापरतात. जुन्या रेडिओच्या दिवसांत तसंच असायचं. मग आवाज कमी-जास्त करायला बटण नसतं, पाय असतात. दुसरा सूर हळू हवा असेल तर तो माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो, मँडोलिनचा तुकडा आला की वाद्य पुढे करून झुकतो. हे बघण्यासारखं असतं.

वाद्यांविषयी थोडंसं. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि ती व्हायोलिनसारखीच लावतात. आपल्याला ती जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून ओळखीची आहे. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते, अंगठ्याने सारखी छेडली जाते आणि तिचा सूर बदलत नाही. तुणतुण्याची आठवण ठेवून ती ऐका, लगेच सापडेल. या वाद्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर इथे आले. गिटारच्या मानेवर चिमटा बसवतात तो कॅपो. पट्टी बदलायला तो सरकवतात.

दोन गाण्यांच्या मध्ये तारा लावण्यात वेळ जातो, कारण काही गाण्यांना त्या वेगळ्या लावाव्या लागतात. तंबोरे जुळताना आपण जसे गप्प बसतो तसंच बसा. एक जण खुंट्या पिळत असतो, तेव्हा दुसरा गोष्ट सांगतो: हे गाणं कुणाकडून मिळालं, त्या आजीबाई कोणत्या खोऱ्यात राहायच्या. ही गोष्ट म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा नाही. कीर्तनात पूर्वरंगाशिवाय उत्तररंग लागत नाही, तसंच आहे हे.

दाद कशी द्यायची

मराठी श्रोत्याला सगळ्यात अवघड जातं ते हे. समेवर ‘वा!’ आपोआप बाहेर येते. आपल्या बैठकीत ती गवयाला हवी असते, त्यावर तो पुढची जागा घेतो. इथे गाणं चालू असताना शांतता हीच दाद असते. ‘वा’ ओठांतच ठेवा. शेवटचा झणकार पूर्ण विरू द्या, आणि मग मनापासून टाळ्या वाजवा. एखाद्या वाद्याचा तुकडा रंगला आणि आजूबाजूच्यांनी मध्येच टाळ्या दिल्या, तर तुम्हीही द्या. टाळीने ठेका मात्र धरू नका. त्या खोलीत तो गायकांच्या लयीवर चढतो.

‘आमच्याबरोबर म्हणा’ असं ते सांगतील तेव्हा मात्र संकोच नको. शब्द दोनच ओळींचे असतात आणि ते आधी शिकवतात. आपल्या टाळकऱ्यांसारखं मोकळ्या गळ्याने म्हणा. आणि धीर झाला तर तिसऱ्या खेपेला ‘सा’ऐवजी ‘ग’ धरून बघा.

संपल्यावर

लगेच निघू नका. दाराजवळ छोटं टेबल असतं. त्यावर सीड्या, तबकड्या, आणि बऱ्याचदा मागे ते दोघं स्वतःच उभे असतात. इंटरनेटवर गाणं ऐकल्याचे त्यांना अगदी नगण्य पैसे मिळतात. या टेबलावर जे विकलं जातं त्यावर पुढच्या गावचं पेट्रोल निघतं. घरी सीडी लावायला यंत्र नसलं तरी एक घ्या, आतली पुस्तिका वाचण्यासारखी असते. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. आणि बोला. कोणतं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा, एक प्रश्न विचारा, मागे रांग असेल तर दोन मिनिटांत बाजूला व्हा.

बॉस्टनबाहेर राहणाऱ्यांनी हिरमुसू नये. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जला १९६० पासून चालू असलेलं कॅफे लीना आहे, मिशिगनमध्ये ॲन आर्बरला १९६५ पासूनचं द आर्क, कॅलिफोर्नियात बर्कलीला १९६८ पासूनचं फ्रेट अँड साल्व्हेज. प्रत्येकाची बसण्याची आणि तिकिटाची पद्धत थोडी वेगळी, ऐकण्याची तीच. पासिमचे काही कार्यक्रम इंटरनेटवर थेटही दाखवतात. इथले संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात पहाटेचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. रियाजाला उठणाऱ्यांना ते सहज जमेल.

माझी आई वाईहून आली होती तेव्हा तिला मी एका जोडीच्या गाण्याला नेलं. दोघी बहिणी होत्या, एक गिटार, एक फिडल म्हणजे व्हायोलिन. आईला इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी मधूनमधून तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्या तोंडांकडे एकटक बघत बसली होती. मध्यंतरात म्हणाली, “अगं, या जात्यावर बसल्यासारख्या गातात.” लहानपणी तिने तिच्या आईला आणि काकूला जात्याचा एकच खुंटा धरून, समोरासमोर बसून ओव्या म्हणताना ऐकलं होतं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. “पण या दोघी एकदमच म्हणतात, आणि तरी वेगळं. ते कसं?”

कार्यक्रम संपल्यावर तिने मला टेबलाशी ओढत नेलं आणि धाकटीला विचारायला लावलं, की खालचा सूर तुला शिकवला कुणी. ती हसली. म्हणाली, कुणीच नाही. चाल ताईने आधीच घेतलेली असायची, मग जे उरलं असेल ते शोधावं लागायचं. मी ते मराठीत सांगितलं. आईने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पोळ्या लाटत होती, मी शेकत होते. तिने एक ओवी सुरू केली, अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, “तू चाल धर. मी उरलेलं शोधते.”